साखळी सैल आहे

सत्तर रियालला घेतली गाडी
गुजरांवाल्याच्या एका प्लंबरकडून.
त्याचा व्हिसा संपत होता, माझा उन्हाळा सुरू.
जपानी, अडीचशे सीसी, टाकीवरचं नाव
वाळूने खरवडून नेलेलं.
पहिल्या लाथेला खोकायची,
दुसरीला शिंकायची,
तिसरीला गप्प, मान न मिळालेल्या व्याह्यासारखी.

मी बंदरावर क्रेनचा फिटर.
चाळीस टनांचा हुक माझ्या शब्दाबाहेर नाही.
पण मोठ्या यंत्राचं बरं असतं,
त्याच्यासोबत कपाटभर कागद येतात.
या पोरकीसोबत आली एक किल्ली
आणि एक फडकं.

सोहारच्या सनायात गुरुवारी गुरुवारी फिरलो.
एकाने दिलं ते पुस्तक तिच्या धाकट्या बहिणीचं:
चित्रं तीच, बोल्ट वेगळे.
एकाकडे झेरॉक्सची झेरॉक्स,
कार्ब्युरेटर म्हणून काळा ढग
आणि त्यातून निघालेले बाण.
तिसरा म्हणाला, पुस्तक कशाला, मी आहे ना,
आणि हातोडा उचलला.
गाडी ढकलत खोलीवर आणली.
अडीच किलोमीटर. जून.

चौथ्या गुरुवारी भेटला खमीस,
ज्याच्या नावाचा अर्थच गुरुवार.
भंगाराच्या डोंगराआड, एका एसीच्या घरघरीत,
त्याने खजुराचा पत्र्याचा डबा उघडला.
आत पुस्तक. शिवण उसवलेली, पानं सुटी,
प्रत्येक पानावर ग्रीसचे अंगठे,
तलाठ्याकडच्या जुन्या दस्तावर असतात तसे.
विकणार नाही, म्हणाला.
आठवड्याला एक प्रकरण ने.
आणून दे, मग पुढचं.

तर मी इंजिन हप्त्याहप्त्याने वाचलं.
छापलेलं इंग्रजी कळत होतं.
समासात मात्र शिसपेन्सिलीची गोलगोल अक्षरं, मल्याळी.
ती घेऊन बीरानच्या टपरीवर जायचो.
तो एका हाताने करक ओतायचा,
दुसऱ्या हातात पान धरून वाचायचा:

"चौदा लिहिलंय. बारा पुरे.
चौदाला आटे जातात. माझे गेले."

"खोटं. आधी स्प्रिंग."

"हे चित्र काढणाऱ्याने
गाडी कधी पाहिली असेल का?"

मग मला कळलं, चांगलं पुस्तक म्हणजे काय.
ज्याच्याशी कुणीतरी
हात काळे करून भांडलेलं असतं, ते.

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एकच ओळ:
उलट क्रमाने बसवा.
त्या ओळीपाशी समास कोरा. तिथे तोही भांडला नव्हता.
मी दोन वर्षांनी संगमेश्वरला उतरतो
तेव्हा घरचे मलाही असंच बसवतात,
पाटावर, खुर्चीत, पोराच्या शाळेच्या फॉर्मवर,
आणि दर वेळी एक वॉशर हातात उरतो.
कुठला, ते परतीच्या विमानात आठवतं.

शेवटचं प्रकरण सप्टेंबरात मिळालं.
शेवटच्या पानावर एकच नोंद.
बीरानने आधी मनात वाचली, किटली खाली ठेवली.
"उद्या फ्लाइट.
साखळी सैल आहे. पुढच्याने बघावी."

कोण होता? खमीसने खांदे उडवले.
पाच वर्षं यायचा.
एकदा डबा ठेवून गेला.
खजूर त्यानेच खाल्ले होते.

मी साखळी पाहिली.
सैल होती, बोटभर.
ती ताणली तेव्हा
आधीच्या पान्याचे ओरखडे दिसले, नटाच्या त्याच कडांवर.
गाडी दुसऱ्या लाथेला लागली
आणि गल्लीतलं मांजर पाण्याच्या टाकीवर चढलं.

डबा परत करण्याआधी
क्लचच्या पानावर मी मराठीत लिहिलं:
"केबल दोन बोटं लांब घ्या. पुस्तकाचं ऐकू नका."
खमीसने पान उजेडात धरलं, उलटं.
हे आता कोण वाचणार?
म्हटलं, वाचेल कुणीतरी. चहा पाजावा लागेल.
त्याने झाकण लावलं.
वरून मुठीने एक ठोसा दिला,
कारण डब्याचं झाकणही नीट बसत नव्हतं.